इंजिन उलटं करून दाखवा

रविवारची रात्र, साडेबारा वाजलेले. घर झोपलंय आणि पुण्यातला एखादा संग्राहक फोनच्या पडद्यावर कमी होत जाणारे सेकंद पाहत बसला आहे. ब्रिटनमधले बरेच विक्रेते लिलाव रविवारी संध्याकाळी संपेल अशा बेताने लावतात, कारण तेव्हा तिकडची गिऱ्हाइकं घरी असतात. तिकडे आठ वाजले की इकडे उन्हाळ्यात साडेबारा होतात, हिवाळ्यात दीड. लिलावात आहे हॉर्नबी डब्लोचं निळं इंजिन, 'सर नायजेल ग्रेस्ली'. वर्णनात तीनच गोष्टी आहेत : युद्धापूर्वीचं, दुर्मिळ, माळ्यावर सापडलेलं. फोटो चार आहेत. एक डावीकडून, एक उजवीकडून, एक समोरून आणि एक नुसत्या खोक्याचा.

इंजिनाच्या पोटाचा फोटो मात्र एकही नाही.

जुन्या मॉडेल गाड्यांच्या ऑनलाइन खरेदीत सगळ्यात जास्त पैसे त्या न काढलेल्या पाचव्या फोटोपायी बुडतात. दुकानात माणूस इंजिन हातात घेतो, उलटं करतो, चाक बोटाने फिरवून पाहतो. लिलावात तो विक्रेत्याच्या फोटोंवर आणि त्याच्या चार वाक्यांवर पैसे लावत असतो. म्हणून बोली लावण्याआधी विक्रेत्याला करायची पहिली विनंती साधी आहे : इंजिन उलटं करून एक फोटो पाठवा, आणि एक बाजूने, अगदी सपाट पट्टीला टेकवून. चांगला विक्रेता तासाभरात फोटो पाठवतो. जो टाळाटाळ करतो, त्याने उत्तर न देताही उत्तर दिलेलं असतं.

पोटाखाली पाहायचं काय? जस्ताचा रोग. इंजिनाची चौकट, चाकं, कधी वरचं कवचसुद्धा जस्ताच्या मिश्रधातूचं ओतलेलं असे. इंग्रज संग्राहक त्याला मॅझॅक म्हणतात, बाकीचे झामाक. या मिश्रणात शिशाचा अंश गेला, तर धातू आतून, कणाकणांच्या सांध्यांतून कुजत जातो. आधी तो फुगतो, मग बारीक भेगा पडतात आणि शेवटी बिस्किटासारखा चुरा होतो. युद्धापूर्वीच्या कारखान्यांत मिश्रणाच्या शुद्धतेची काळजी सारखी घेतली जात नसे; म्हणून एकाच वर्षी, एकाच कारखान्यात तयार झालेल्या दोन इंजिनांपैकी एक ऐंशी वर्षांनी धडधाकट असतं आणि दुसरं हात लावताच तुटतं. हा रोग एका इंजिनाचा दुसऱ्याला लागत नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. पण त्याला औषधही नाही. पर्यायी चाकं किंवा चौकट बसवता येते. मग इंजिन धावतं, पण ते 'मूळ अवस्थेतलं' राहत नाही आणि किंमत त्या हिशेबाने उतरते.

फोटोत ही लक्षणं दिसतात, फक्त नजर हवी. सपाट पट्टीवर ठेवलेलं इंजिन केळ्यासारखं मध्ये वाकलेलं दिसतं. चाकाच्या आऱ्यांपाशी केसाएवढी रेघ असते. रंगाखाली फोड आल्यासारखा उंचवटा असतो. कवच आणि चौकट यांच्यामधली फट एका टोकाला बारीक, दुसऱ्या टोकाला रुंद दिसते. यातलं एकही चिन्ह दिसलं तर ते इंजिन सुट्या भागांच्या भावाने घ्यावं, नाहीतर सोडून द्यावं. आणि हा फक्त आजोबांच्या काळातला आजार आहे असं समजू नये. गेल्या तीसेक वर्षांत चीनमध्ये बनलेल्या काही मॉडेलांच्या चौकटीही याच दुखण्याने गेल्या आहेत.

त्या निळ्या इंजिनाकडे परत येऊ. वर्णनात 'युद्धापूर्वीचं' लिहिलंय. हॉर्नबी डब्लो ही मालिका लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३८ साली आणली आणि युद्धामुळे उत्पादन थांबलं, त्यामुळे युद्धापूर्वीचा माल मोजकाच आहे. पण तपासायला तज्ज्ञ लागत नाही, इंजिनावरचा क्रमांक वाचता आला तरी पुरे. खरं 'सर नायजेल ग्रेस्ली' १९३७ साली रुळावर आलं तेव्हा त्याचा क्रमांक ४४९८ होता. १९४६ साली रेल्वे कंपनीने इंजिनांचे क्रमांक बदलले आणि ते ७ झालं. मॉडेलच्या अंगावर ७ लिहिलेलं असेल, तर ते युद्धानंतरचं, विक्रेता काहीही म्हणो. विक्रेता लबाड असेलच असं नाही; बहुतेक वेळा मामांचा माळा रिकामा करणारा भाचा असतो आणि त्याला यातलं काही ठाऊक नसतं. अशा विक्रेत्याकडे कधी खरंखुरं घबाडही मिळतं. पण ज्ञान गिऱ्हाइकाने आणायचं असतं.

विक्रेत्यांच्या भाषेचाही एक छोटा कोश मनात ठेवावा लागतो. 'रेअर' या शब्दाला काही अर्थ उरलेला नाही, तो वगळून वाक्य पुन्हा वाचावं. 'अनटेस्टेड' म्हणजे चालवून पाहिलेलं नाही असं म्हणतात; पण ज्या घरात रूळ आहेत, ट्रान्सफॉर्मर आहे आणि विकायला आणखी वीस इंजिनं आहेत, तिथे ते चालवून पाहिलं नसेल यावर विश्वास ठेवणं कठीण. 'रनर' म्हणजे धावतं. किती धावतं हे व्हिडिओ मागितल्यावर कळतं. 'स्पेअर्स ऑर रिपेअर' हे मात्र प्रामाणिक शब्द : बंद आहे, घ्यायचं तर घ्या. 'मिंट' आणि 'बॉक्स्ड' एकत्र दिसले तर ते दोन वेगळे दावे आहेत, असं समजून दोन्ही वेगवेगळे तपासावेत. अमेरिकेतल्या ट्रेन कलेक्टर्स असोसिएशनने, जी १९५४ पासून काम करते आहे, यासाठी अंकांची मोजपट्टी ठरवली आहे. त्यात सी-१० म्हणजे कोरं, सी-८ म्हणजे नव्यासारखं, सी-५ म्हणजे बऱ्यापैकी वापरलेलं पण नीट. खोक्यासाठी वेगळा 'पी' अंक असतो. विक्रेता असे अंक लिहितो तेव्हा त्याला निदान काहीतरी बांधून घेता येतं; 'वयाच्या मानाने छान' या शब्दांना कशानेच बांधता येत नाही.

आता आणखी एक घोळ, जो भारतातून घेणाऱ्याला हमखास भोवतो. मॉडेलचं प्रमाण आणि रुळांची जात. एचओ म्हणजे १:८७, ब्रिटिश डबल-ओ म्हणजे १:७६. दोन्ही धावतात मात्र साडेसोळा मिलिमीटरच्या एकाच रुंदीच्या रुळावर. एन गेज नऊ मिलिमीटरवर. जर्मन मार्कलिन कंपनीने १९७२ साली आणलेलं झेड तर १:२२०, साडेसहा मिलिमीटर रुळाचं, काडेपेटीत इंजिन मावेल असं. रुंदी जुळली म्हणजे गाडी चालेल, असं मात्र नाही. मार्कलिनच्या एचओ गाड्या एसी विजेवर आणि रुळाच्या मधोमध असलेल्या संपर्कबिंदूंवर चालतात, आणि त्यांची चाकं एकमेकांपासून विजेने वेगळी केलेली नसतात. असं इंजिन साध्या दोन रुळांच्या डीसी मांडणीवर ठेवलं की शॉर्ट. हॉर्नबी डब्लो १९५९ पर्यंत मधल्या तिसऱ्या रुळावरच चालत असे, तीही डीसीवर. अमेरिकन लायोनेल पुन्हा तीन रुळांचं, पण एसीवर. म्हणजे 'एचओ, चालू अवस्थेत' एवढ्या वाक्यावर घेतलेलं इंजिन घरच्या रुळावर धावेलच, याची खात्री नाही.

विजेचा विषय निघालाच आहे तर : लायोनेलचा जुना ट्रान्सफॉर्मर अमेरिकन ११५-१२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या बोर्डात खुपसला की धूर निघणारच. आणि कुठलाही जुना, धातूच्या डब्यातला ट्रान्सफॉर्मर, कापडी वेष्टनाची वायर असलेला, शोभेला ठेवावा. गाडी चालवायला नवा घ्यावा. तसा हा धोका जुन्यांना काही कमी नव्हता. हॉर्नबीची पहिली विजेची गाडी, १९२५ सालची 'मेट्रोपॉलिटन', मध्ये दिवा जोडून थेट घरच्या विजेवरही चालवता येई. रुळावर बोट ठेवणाऱ्या मुलांचं काय होत असेल, या विचाराने आजच्या वाचकाच्या अंगावर काटा येईल. कंपनीने तो प्रकार लवकरच बंद केला.

नवख्याने प्रत्यक्ष गाड्या पाहिल्याशिवाय बोली लावू नये. पुण्यात कोथरूड भागात १९९८ पासून जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, भाऊ जोशी यांच्या हयातभराच्या छंदातून उभं राहिलेलं. तिथे चालती मांडणी पाहून एक संध्याकाळ घालवली की एचओ म्हणजे नक्की किती मोठं, डबा केवढा, घरातल्या कोणत्या टेबलावर काय मावेल, हे अंक पाठ न करता समजतं.

मराठी संग्राहकाला ज्या एका मॉडेलची ओढ वाटावी, ते आहे मार्कलिनचं 'क्रोकोडाइल'. स्वित्झर्लंडमधल्या गोटहार्ड घाटात मालगाड्या ओढणारं हे लांब तोंडाचं विजेचं इंजिन, मधल्या डब्याला दोन्ही बाजूंनी बिजागरीवर जोडलेली नाकाडं. त्याच स्विस घराण्यातलं, विंटरथूरच्या कारखान्याने आखलेलं एक इंजिन आपल्याकडे जीआयपी रेल्वेत आलं आणि बोर घाटात पिढ्यान्‌पिढ्या राबलं. ते डब्ल्यूसीजी-१, रेल्वेवाल्यांच्या तोंडी 'खेकडा'. त्यांतला एक खेकडा वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या आवारात उभा आहे. तो पाहून आलेल्या माणसाला ईबेवरचा मगरीचा फोटो परका वाटत नाही.

मार्कलिनने १९४७ साली हे इंजिन एचओमध्ये आणलं, तेव्हा त्याला सीसीएस ८०० म्हणत. पुढे त्याच नमुन्याला ३०१५ हा क्रमांक मिळाला. वर्षानुवर्षं बनत राहिल्यामुळे त्यात बारीक बारीक फरक होत गेले आणि जर्मन संग्राहकांनी त्या प्रत्येक फरकाला वेगळा भाव लावला. कोल नावाची जी भावपुस्तिका मार्कलिनवाले उशाशी ठेवतात, तिच्यात एकेका मॉडेलच्या उपप्रकारांची अशी यादी असते. दोन क्रोकोडाइल एकसारखी दिसतात आणि एकाचा भाव दुसऱ्याच्या कितीतरी पट असतो, याचं रहस्य इथे आहे. भावपुस्तिकेतली किंमत मात्र वेदवाक्य मानू नये. खरा भाव कळतो तो 'विकल्या गेलेल्या' मालाच्या यादीत. ईबेवर शोध लावून 'सोल्ड' हा पर्याय निवडला की गेल्या काही आठवड्यांत लोकांनी खरोखर किती मोजले, ते समोर येतं. मागितलेली किंमत म्हणजे विक्रेत्याची इच्छा. तिच्यावर हिशेब बसवला तर फसगत ठरलेली.

नकली मालाची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट लायोनेलची आहे. न्यूयॉर्कमध्ये १९०० साली सुरू झालेल्या या कंपनीने १९५७ साली मुलींसाठी म्हणून एक संच काढला : गुलाबी इंजिन, मागे फिकट निळे-पिवळे डबे. मुलींनी तो नाकारला. त्यांना गाडी हवी होती ती गाडीसारखी, काळी. माल दुकानात पडून राहिला आणि म्हणूनच आज दुर्मिळ झाला. एरवीचं साधं काळं २०३७ क्रमांकाचं इंजिन तेव्हा पुष्कळ घरांत होतं. ते गुलाबी रंगवणं किती सोपं! अशा वेळी फोटो मागायचा तो कवचाच्या आतल्या बाजूचा आणि स्क्रूच्या भोकांचा. नंतर दिलेला रंग बाहेरून कितीही सफाईदार असो, भोकाच्या काठावर आणि आतल्या कोपऱ्यात खालचा मूळ रंग डोकावतो. खोक्यांचंही तेच. हुबेहूब नवी खोकी छापून मिळतात, आणि ती विकणं गुन्हा नाही; जुनी म्हणून विकणं लबाडी आहे. जुन्या पुठ्ठ्याच्या कडा आतून तपकिरी पडलेल्या असतात, घड्यांवर छपाई झिजलेली असते. इंजिन झिजलेलं आणि खोकं करकरीत, अशी जोडी दिसली की थांबावं.

मालकी कोणाची, हाही प्रश्न विचारायला लाजू नये. २००५ सालच्या जानेवारीत जर्मनीतल्या गॉपिंगनच्या मार्कलिन संग्रहालयातून सुमारे दहा लाख युरोंच्या जुन्या गाड्या चोरीला गेल्या होत्या. काही आठवड्यांत चोर पकडले गेले आणि माल सापडला, पण असा माल बाजारात येऊ शकतो हे तेव्हा सगळ्यांना कळलं. उलट, ज्या वस्तूचा पूर्वेतिहास चोख असतो तिला लोक जास्त मोजतात. गायक नील यंग लायोनेल कंपनीचा काही काळ भागीदार होता. २०१७ च्या डिसेंबरात त्याच्या संग्रहातल्या गाड्यांचा लिलाव झाला तेव्हा एकूण जवळपास तीन लाख डॉलर जमले. तिथे लोक इंजिनाबरोबर नावालाही पैसे मोजत होते, हे उघड आहे.

आता बोली. गावच्या लिलावात 'सरकारी एक, सरकारी दोन' करत माणूस आजूबाजूच्यांची तोंडं पाहतो. ईबेवर तोंडं दिसत नाहीत आणि मोजणी कोणी लांबवत नाही. ठरलेल्या सेकंदाला दार बंद. तिथली पद्धत अशी : माणूस आपला कमाल आकडा गुपचूप लिहून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. एकाने दीडशे डॉलर लिहिले आणि दुसऱ्याचा कमाल आकडा पंच्याऐंशी असेल, तर पहिल्याला ती वस्तू शहाऐंशीला मिळते, दीडशेला नव्हे. म्हणून कमाल आकडा खरा लिहावा. दोन-दोन डॉलरने वर चढत राहणारा माणूस समोरच्याला सावध करतो आणि स्वतः तापत जातो.

शेवटच्या दहा सेकंदांत बोली टाकण्याला 'स्नायपिंग' म्हणतात. ते काही लोकांना चावटपणा वाटतो, पण त्यामागे तर्क आहे. अॅल्विन रॉथ आणि अॅक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिलं की ईबेवर शेवटच्या क्षणी बोलींची गर्दी होते, आणि त्याच काळातल्या अॅमेझॉनच्या लिलावांत ती बरीच कमी होती. कारण तिथे शेवटी बोली आली की वेळ आपोआप दहा मिनिटांनी वाढत असे. (रॉथना पुढे, २०१२ साली, अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मॉडेल गाड्यांबद्दल नव्हे.) तेव्हा लिलाव कुठे आहे ते आधी पाहावं. वेळ ठरलेली असेल तर उशिरा एकदाच, खऱ्या आकड्याने बोली लावावी. वेळ वाढणारी असेल तर उशिराचा काही फायदा नाही. तिथे रात्री दीडला जागं राहण्याऐवजी संध्याकाळीच आपला कमाल आकडा लिहून झोपी जाणं हे प्रकृतीला आणि खिशाला दोन्हींना मानवतं. नवीन, एकही व्यवहार न केलेलं खातं एकाच विक्रेत्याच्या मालावर सतत बोली चढवताना दिसलं, तर विक्रेत्याचाच माणूस भाव फुगवत असण्याची शक्यता असते. तिथे थांबू नये.

हिशेब मात्र बोलीच्या आधीच कागदावर उतरवावा, कारण इथे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो. व्हेक्टिससारखी खेळण्यांच्या लिलावातली इंग्लिश संस्था असो किंवा दुसरी कुठली, हातोडा पडलेल्या किमतीवर ग्राहकाकडून अधिभार घेण्याची रीत आहे. समजा बोली शंभर पौंडांवर थांबली आणि अधिभार पंचवीस टक्के आहे. त्या पंचवीसवर वीस टक्के व्हॅट म्हणजे पाच. झाले एकशे तीस. बांधणी आणि टपाल पस्तीस धरा : एकशे पासष्ट. हे झालं इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंत. भारतात खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क २०२० साली वीसवरून साठ टक्के आणि २०२३ साली सत्तर टक्के झालं, त्यावर जीएसटी वेगळा. आणि शुल्क नुसत्या वस्तूवर नाही, टपालखर्च धरून लागतं. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्हाची सक्ती आहे, त्यामुळे पार्सल अडकण्याची आणि 'हे खेळणं की संग्राह्य वस्तू' असा पत्रव्यवहार करावा लागण्याची तयारी ठेवावी. वैयक्तिक वापराच्या टपाली वस्तूंना दर वेगळा लागू शकतो, नियम अर्थसंकल्पागणिक बदलतात. बोली लावण्याआधी चालू दर कस्टम्सकडून पाहून घेणं एवढाच उपाय. किंमत कमी दाखवून 'गिफ्ट' लिहायला विक्रेत्याला सांगू नये. पकडलं गेलं तर दंड आहेच, आणि पार्सल हरवलं तर विमाही त्या खोट्या आकड्याएवढाच मिळतो.

पाठवण्याबद्दल दोन गोष्टी आधीच लिहून कळवाव्यात. इंजिन मूळ खोक्यात ठेवूनच, पण ते खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात, मध्ये चारी बाजूंनी भरपूर कागद. इंजिन आणि पोलादी रूळ एका खोक्यात नकोत. हिंदकळणारा रुळांचा गठ्ठा कोणत्याही इंजिनाला चेपवतो.

पार्सल आलं की कात्री लावण्याआधी मोबाइलवर चित्रण सुरू करावं, पत्त्याच्या चिठ्ठीपासून इंजिन बाहेर येईपर्यंत, न थांबवता. ईबेवर वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर पोहोचल्यापासून तीस दिवसांत तक्रार करता येते, आणि तक्रारीत हे चित्रण उपयोगी पडतं. त्यानंतर रुळावर ठेवायची घाई नको. आधी ते इंजिन उलटं करावं, फोटोत मागितलेली बाजू आता खिडकीच्या उजेडात नीट पाहावी, चाक बोटाने हळूच फिरवावं. चाक जड वाटलं तर आतलं वंगण दशकांनी वाळून डिंकासारखं झालेलं असतं. ते साफ करून, दातऱ्यांवर आणि अक्षांवर तेलाचा एकेक थेंब सोडून, मगच हलकी वीज द्यावी. पहिल्या मिनिटात थोडा जळका वास आणि बारीक ठिणग्या येतात. वास वाढला तर वीज बंद, कमी झाला तर गाडी आपसूक वेग धरते.